मलंगन, न्गाटू, पिसांची शाल : टिकवण्यासाठी न केलेली कला

समुद्रफेस

न्यू आयर्लंड हे पापुआ न्यू गिनीतलं एक लांबुळकं, चिंचोळं बेट. त्याच्या उत्तर भागात मेलेल्या माणसाच्या नावाने लाकडी शिल्पं कोरतात. त्या शिल्पांना मलंगन म्हणतात आणि ज्या सोहळ्यात ती मांडतात त्यालाही मलंगनच. फोटोत ती नुसती गुंतागुंतीची दिसतात. मासा माणसाला गिळतोय की माणूस माशातून बाहेर येतोय, पक्ष्याने साप धरलाय की सापाने पक्षी, काही कळत नाही. संग्रहालयात काचेला नाक लावून बघितलं की आधी दिसतात ते डोळे. हिरवट, कडेने तपकिरी, ओले असल्यासारखे चकाकणारे. ते रंगवलेले नसतात आणि काचेचेही नसतात. टर्बो जातीची समुद्री गोगलगाय शंखात शिरली की मागून दार लावून घेते. त्या दाराची ही झाकणी, वाटोळी आणि वरून फुगीर. एकदा ती बसवली की कुठूनही बघा, शिल्प आपल्याकडेच बघतंय असं वाटतं.

लाकूड ॲल्स्टोनियाचं, म्हणजे आपल्या सातविणीच्या कुळातलं. हलकं आणि मऊ, पोकळ नक्षी काढायला सोपं, वाळवीला आणि पावसाला त्याहून सोपं. रंग तीनच मुख्य: गेरूचा तांबडा, चुन्याचा पांढरा, कोळशाचा काळा. पूर्वी हे सगळं दगडाच्या आणि शिंपल्याच्या पात्यांनी कोरत. जहाजांवरून लोखंड आलं आणि नक्षी आणखी बारीक, आणखी जाळीदार झाली. ‘अस्सल जुनी आदिम कला’ म्हणून आपण जे बघतो त्यातलं बरंचसं लोखंडी हत्यारांनी केलेलं आहे, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आता मुद्द्याचं. माणूस गेल्यावर लगेच मलंगन होत नाही. मधे महिने, कधी वर्षं जातात. डुकरं आणि तारो (अळूसारखे कंद) जमवायचे असतात, शिंपल्यांचं चलन गोळा करायचं असतं. शिल्पकार कुंपणाआड कोरतो. ठरल्या दिवशी शिल्पं उघडी होतात, जेवणावळ उठते, मृताची देणीघेणी चुकती होतात. तिथे शिल्पाचं काम संपतं. मग ते रानात कुजायला टाकतात किंवा जाळतात.

किंवा विकतात! १८८४ नंतर तिथे जर्मन अंमल आला, संग्राहक दारात उभे राहू लागले. गावाच्या दृष्टीने शिल्पात आता काही उरलेलं नव्हतं. ते रानात टाकलं काय नि गोऱ्याला दिलं काय. वर पैसे मिळाले आणि वस्तू गावातून कायमची लांब गेली. युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत आज हजारोंनी मलंगन आहेत ती अशी. आपण ज्याला मौल्यवान संग्रह म्हणतो ती त्यांच्या लेखी टाकायची जागा होती.

जपलं जात असे ते वेगळंच. कुठला नमुना कुणी कोरायचा याचे हक्क घराण्यांकडे असत. ते देता येत, विकत घेता येत. हक्क घेणारा तो नमुना सोहळ्यात बघून डोक्यात साठवायचा आणि पुढच्या पिढीत कधीतरी पुन्हा कोरवून घ्यायचा. हक्क नसताना कोरला तर भांडण आणि दंड. म्हणून पॅसिफिकमधल्या कलेबद्दल बोलताना ‘किती जुनी, किती टिकली’ हे माप मला नकोसं वाटतं. तिथे बऱ्याच ठिकाणी मोल आहे ते कोरायच्या हक्काला आणि चारचौघांत देण्याच्या प्रसंगाला.

तुम्हाला काय वाटतं? अर्ध्या पृथ्वीवर पसरलेल्या बेटांना एक नियम लागणार नाही हे माहीत आहे. उलटी उदाहरणं आवर्जून द्या.

तिरपागडा

लेख आवडला, पण यात नवल ते काय? आपला पार्थिव गणपती दुसरं काय आहे? शाडूची मूर्ती, प्राणप्रतिष्ठा, उत्तरपूजा, विसर्जन. मूर्ती जपून ठेवायची नसतेच.

समुद्रफेस

@तिरपागडा, साम्य आहे, पण विसर्जनापुरतंच. गणपती कुणीही बसवतो, पेणहून आलेली मूर्ती शेजाऱ्याच्या मूर्तीसारखी निघाली म्हणून कुणी पंचायत बोलावत नाही. मलंगनमध्ये भांडणाचं मूळच ते आहे. शिवाय ती देवाची मूर्ती नाही. गेलेल्या माणसाचा जमिनीशी, नातलगांशी असलेला हिशेब पुरा करायची ती रीत आहे. सोहळ्यात कुणी काय दिलं यावरून पुढे जमीन कोण कसणार हेही ठरतं.

मागावरची

वाचनखूण साठवली. शीर्षकात न्गाटू आहे आणि लेखात त्याचा पत्ता नाही, हा अन्याय आहे. माझं उभं आयुष्य हातमागाच्या नादात गेलं, त्यामुळे झाडाच्या सालीचं कापड म्हटलं की पहिला प्रश्न पडतो: ताणा नाही, बाणा नाही, मग ते फाटत कसं नाही?

समुद्रफेस

@मागावरची, राहून गेलं खरं. सविस्तर लिहिते.

पॅसिफिकभर या कापडाला बाहेरचे लोक टापा म्हणतात. टोंगात ते न्गाटू, सामोआत सिआपो, फिजीत मासी, हवाईत कापा. झाड कागदी तुतीचं. ते मोठं होऊ देत नाहीत. काठीएवढं सरळसोट वाढलं, फांद्या फुटायच्या आत, की तोडायचं. साल एका ओढीत पट्टीसारखी सोलून काढायची. वरची खरबरीत साल टाकायची, आतली पांढरी ठेवायची. मग ती भिजवून लाकडी ओंडक्यावर ठोकायची. ठोकण्याच्या दांड्याला चार बाजू असतात, खाचा पाडलेल्या. आधी खाचांच्या बाजूने ठोकून साल पसरवायची, शेवटी सपाट बाजूने गुळगुळीत करायची. हाताएवढी पट्टी बघता बघता कितीतरी पट रुंद होते. तंतू तुटत नाहीत, एकमेकांत गुंतत जातात; तुमचा ताणाबाणा तो तिथे.

टोंगात दोन थर घेतात. एकाचे तंतू उभे, दुसऱ्याचे आडवे, आणि मधे कंदाची खळ. भोक पडलं तर त्याच खळीने ठिगळ. मग नक्षी. नारळाच्या पातीच्या शिरा पानांवर शिवून नक्षीचा तक्ता करतात, त्याला कुपेसी म्हणतात. तक्ते ओंडक्यावर बांधायचे, वर कापड पसरायचं आणि रंगात भिजवलेल्या बोळ्याने घासायचं. खालच्या शिरा वर उमटतात. तपकिरी रंग कोका झाडाच्या सालीचा, काळा रंग जंगली अक्रोड जाळून धरलेल्या काजळीचा. नंतर हाताने कडा गडद करतात. ओळीत बसलेल्या बायका हे एकत्र करतात. वीस-बावीस मीटर लांबीचा तुकडा हे तिथलं नेहमीचं माप आहे.

एक मात्र आहे, हे कापड धुता येत नाही. चांगलं भिजलं की थर सुटायला लागतात.

आणि मुख्य म्हणजे ते अंगावर घालण्यापेक्षा द्यायला असतं. लग्न, मयत, राज्याभिषेक, सगळीकडे न्गाटू आणि बारीक विणलेल्या चटया दिल्या-घेतल्या जातात. ही बायकांची संपत्ती. राजा न्गाटूवरून चालत जातो, शवपेटीखाली न्गाटू अंथरतात. घरात घडी करून गादीखाली ठेवलेला तुकडा पुढच्या कार्यात दुसऱ्या घरी जातो. लांब असेल तर कापून वाटतात! संग्रहालयवाल्याच्या पोटात गोळा यावा अशी गोष्ट.

अजून एक. हे झाड त्या बेटांवर आपोआप उगवलेलं नाही. २०१५ मध्ये त्याच्या डीएनएचा अभ्यास झाला, मूळ दक्षिण तैवानपर्यंत गेलं. म्हणजे होड्यांमधून माणसांबरोबर ते गेलं, तेही बी म्हणून नव्हे तर मुळांचे तुकडे करून. हजारो मैलांच्या प्रवासात खाण्याच्या कंदांबरोबर कापडाचं झाड सांभाळायचं, ओलं ठेवायचं, खारं पाणी लागू द्यायचं नाही. पुढे न्यूझीलंडच्या थंडीत मात्र ते धड जगलं नाही. १७६९ मध्ये कॅप्टन कुक या इंग्रज दर्यावर्दीच्या लोकांना तिथे मोजकी झाडं दिसली. कापड इतकं दुर्मीळ की ते कानात घालायला वापरत. मग माओरींनी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांनी, तिथल्या हराकेके नावाच्या पातीतून धागा काढला आणि त्यात जे काम केलं त्यावर वेगळा लेख होईल.

मागावरची

आडवे-उभे थर! म्हणजे शेवटी ताणाबाणा आलाच. धन्यवाद, जीव शांत झाला.

मृद्गंध

उलटं उदाहरण मागितलं आहे म्हणून लिहितो. मी भांडी घडवतो. मातीचं भांडं फुटतं, पण खापर मरत नाही. पॅसिफिकचा सगळा जुना इतिहास ज्याच्यावर उभा आहे ती लापिता खापरंच आहेत.

लापिता ही न्यू कॅलेडोनियामधली जागा. १९५२ मध्ये तिथे उत्खनन झालं आणि तेच नाव सगळ्या परंपरेला पडलं. सुमारे ३००० ते ३३०० वर्षांपूर्वी बिस्मार्क द्वीपसमूहात (न्यू आयर्लंड त्यातलंच) ही भांडी दिसायला लागतात आणि काही शतकांत टोंगा-सामोआपर्यंत पोचतात. चाक नाही. वळ्या किंवा पट्ट्या जोडायच्या, आतून दगड धरून बाहेरून थापीने ठोकायचं. भट्टी नाही, उघड्यावर जाळ. आमच्या हिशेबाने तापमान कमीच, भांडं सच्छिद्र राहणार.

पण नक्षी बघा. दातेरी कडेचे छोटे ठसे ओल्या मातीत ओळीने दाबलेले. प्रत्येक रेघ म्हणजे ठिपक्यांची रांग. काही ठिकाणी त्यात चुना भरलेला, म्हणजे तांबूस अंगावर पांढरी नक्षी. एका हाताने भांडं तोलत गोल पृष्ठभागावर असे ठसे जुळवून आणायचे, सांधा कुठे आला ते कळू द्यायचं नाही... करून बघा, मग बोला. या नक्षीत चेहरे असतात: लांब नाक, दोन डोळे, पुढे पुढे ते इतके साधे होत जातात की माहीत नसेल तर नुसती भूमिती वाटते.

व्हानुआटूच्या एफाते बेटावर तेओउमा इथे सुमारे ३००० वर्षांपूर्वीची दफनभूमी सापडली आहे. तिथे प्रौढांचे सांगाडे बिनडोक्याचे. मांस गेल्यावर कवटी काढून घेतलेली. एका कवटीला तर नक्षीदार मडक्यात जागा मिळाली आहे. म्हणजे तिथली नक्षीची भांडी सगळीच काही स्वयंपाकाची नव्हती.

यावरून समुद्रफेस यांचा मुद्दा खोडला जातो असं नाही, पण ‘टिकाऊ’ हे माप सोडून दिलं तर आपल्याला त्या लोकांचं काहीच कळलं नसतं. लाकूड, साल, पिसं, सगळं गेलं. उरलं खापर. आणि गंमत अशी की टोंगा-सामोआत पुढे मडकी घडवणंच बंद पडलं! जमिनीत खड्डा करून तापलेल्या दगडांवर पानात गुंडाळून शिजवायचं, मडकं कशाला हवं? हे एक कारण सांगतात, पण तेवढ्याने माझं समाधान होत नाही.

समुद्रफेस

@मृद्गंध, दातेरी ठशांबद्दल एक भर. टोंगाटापू बेटावर गोंदणाच्या हाडाच्या चार फण्या सापडल्या आहेत, सुमारे २७०० वर्षांपूर्वीच्या. दोन बहुधा माणसाच्याच हाडांच्या. फणीचे दात काजळीत बुडवायचे आणि वरून काठीने ठोकायचं. मातीवर दातेरी ठसा, कातडीवर दातेरी ठसा. गोंदणाची नक्षी आणि भांड्यांची नक्षी एकाच घरातली असावी असं अनेक अभ्यासक म्हणतात. कातडी टिकत नाही, त्यामुळे सिद्ध करणं अवघड.

प्राचीनवेध

ईस्टर बेटाचा उल्लेख कसा नाही? तिथली रोंगोरोंगो लिपी आणि सिंधू लिपी यांतली चिन्हं हुबेहूब जुळतात. आपले पूर्वज तिथे गेले होते याचा हा पुरावा पाश्चात्त्य लोक दाबून ठेवतात.

कोकणी कातळ

@प्राचीनवेध, दाबून कसला, तो पाश्चात्त्यांनीच मांडला. १९३२ मध्ये हेवेशी नावाच्या हंगेरियन माणसाने पॅरिसमध्ये. गडबड अशी की सिंधू संस्कृतीची नागर अवस्था इसवी सनापूर्वी १९०० च्या सुमाराला संपली आणि रापा नुईवर, म्हणजे ईस्टर बेटावर, माणूस पोचला तो इसवी सन १२०० च्या आसपास. मधे तीन हजार वर्षं आणि अर्धी पृथ्वी. माणूस, मासा, चंद्रकोर अशी चित्रचिन्हं दोन ठिकाणी सारखी निघाली तर त्यात कसला पुरावा? रोंगोरोंगोच्या जेमतेम दोन डझन वस्तू जगात उरल्या आहेत, आणि अजून एकही वाचता आलेली नाही. २०२४ मध्ये त्यांतल्या एका फळीचं लाकूड पंधराव्या शतकातलं निघालं, म्हणजे युरोपियन जहाज यायच्या आधीचं. ही लिपी त्या बेटावरच्या माणसांनीच घडवली असेल, ही गोष्ट मला तरी जास्त भारी वाटते.

अवांतर: त्यातल्या काही फळ्यांचं लाकूड पारोशा पिंपळाचं आहे. आमच्याकडे खाडीकाठाला भेंडीचं झाड म्हणतात तेच. झाडाने समुद्र ओलांडला, लिपीने नाही.

मोआईंबद्दल, म्हणजे तिथल्या प्रचंड दगडी पुतळ्यांबद्दल थोडं. राख दाबली जाऊन झालेल्या मऊ खडकात, रानो राराकू डोंगराच्या कुशीत, बहुतेक सगळे मोआई कोरले. हत्यार म्हणजे कठीण बेसाल्टचे तोकी, हातात मावतील एवढे दगड. खाणीत अजून पडलेले मिळतात. माणूस पाठीवर निजलेला कोरायचा, कण्याखाली दगडाची एक पट्टी ठेवायची, शेवटी ती तोडून सोडवायचा. डोळे मात्र खाणीत कोरत नसत. मूर्ती चौथऱ्यावर उभी राहिली की मग खोबण्या पाडून पांढऱ्या प्रवाळाचे डोळे बसवायचे, बुबुळ लाल दगडाचं. १९७८ पर्यंत हे कुणाला नीट माहीत नव्हतं. अनाकेनाला प्रवाळाचा डोळा सापडला तेव्हा कळलं. तोवर जगभर फोटो छापले गेले ते आंधळ्या मूर्तींचे.

आणि आपल्या घरचं. रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळीचा हत्ती जवळपास १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले. २०२२ मध्ये ही स्थळं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. लोक विचारतात, इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या गुहेतल्या चित्राला कमीत कमी ५१,२०० वर्षं असा आकडा मिळतो, मग आमच्या हत्तीला का नाही? कारण सुलावेसीत चुनखडी आहे. चित्रावर पाणी झिरपून कॅल्साइटचा पापुद्रा धरतो. पाण्याबरोबर युरेनियम येतं, थोरियम येत नाही; पुढे युरेनियमपासून थोरियम तयार होत राहतं, दोघांचं प्रमाण मोजलं की पापुद्र्याचं वय कळतं. चित्र त्याच्या खाली, म्हणजे त्याहून जुनं. आमचा जांभा उघड्यावर, दर पावसाळ्यात धुतला जाणारा. पापुद्रा धरायचा कशावर? त्यातून चिरेखाणीवाल्यांच्या तावडीतून वाचला तर.

आजीचा बटवा

पिसांच्या शालीसाठी किती पक्षी मारले ते कुणी सांगेल का? शीर्षक वाचल्यापासून तेच डोक्यात आहे.

समुद्रफेस

@आजीचा बटवा, भरपूर. हवाईत या शालीला आहूउला म्हणतात. ओलोना नावाच्या झुडपाच्या तंतूंची बारीक जाळी विणायची आणि पिसांचे छोटे झुबके जाळीच्या गाठींना एकेक करून बांधायचे, खालून वर, घरावर कौलं चढतात त्या क्रमाने. लाल पिसं इइवी पक्ष्याची, पिवळी ओओ आणि मामो या पक्ष्यांची. मामो जवळजवळ सगळा काळा, पिवळी पिसं थोडीच. पहिल्या कामेहामेहा राजाची मामोच्या पिसांची शाल होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये आहे. तिच्यात अंदाजे साडेचार लाख पिसं, ८०,००० पक्ष्यांची. पक्षी धरणारे लोक वेगळे असत, फांद्यांना चिकट चीक लावून पक्षी धरत. काही पक्ष्यांची पिवळी पिसं तेवढी उपटून त्यांना सोडून देत असं सांगतात, पण लाल इइवीच्या बाबतीत ते शक्य नव्हतं, तो जवळजवळ सगळाच लाल. मामो १८९८-९९ नंतर दिसलेला नाही. त्याचा दोष एकट्या शालींना देता येत नाही. जंगलतोड, बाहेरून आलेले उंदीर, डासांबरोबर आलेला पक्ष्यांचा हिवताप, सगळंच होतं.

आणि @मृद्गंध, माझ्या मुद्द्याला तुमच्या खापरांपेक्षा ही शाल जास्त अडचणीची आहे. ही जपायचीच वस्तू होती. लढाईत हरलेल्याची शाल जिंकणाऱ्याकडे जायची.

टोपणनाव सुचेना

शालीचीच गोष्ट पुढे नेतो. २६ जानेवारी १७७९ ला कालानिओपूऊ या राजाने अंगावरची शाल काढून कॅप्टन कुकच्या खांद्यावर घातली, शिरस्त्राणही दिलं. तीन आठवड्यांच्या आत कुक त्याच किनाऱ्यावर मारला गेला. शाल इंग्लंडला गेली, हातोहात फिरली, १९१२ मध्ये न्यूझीलंडला पोचली. २०१६ मध्ये तिथल्या ‘ते पापा’ नावाच्या संग्रहालयाने ती हवाईला दीर्घ मुदतीसाठी उसनी दिली आणि २०२० मध्ये कायमची देऊन टाकली.

आपल्याकडे २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्याला आली, तीन वर्षांच्या बोलीवर. तेही उसनंच. एक संग्रहालय उसनं देतं आणि पुढे सोडून देतं, दुसरं तारीख लिहून देतं. रापा नुईचा होआ हाकानानाइआ हा मोआई तर १८६८ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजातून गेला तो अजून ब्रिटिश म्युझियममध्येच. २०१८ मध्ये बेटावरचे लोक लंडनला जाऊन मागून आले, दिला नाही.

आता समुद्रफेस ताईंना प्रश्न: मलंगन त्यांनी स्वतःच टाकलं, विकलं. मग ते परत मागायचा हक्क राहतो का?

समुद्रफेस

@टोपणनाव सुचेना, कठीण पेपर काढलात. माझं मत असं: विकलं ते लाकूड, नमुन्याचा हक्क नाही. त्यामुळे शिल्प बर्लिनमध्ये राहिलं तरी त्याचा फोटो कोण छापणार, टी-शर्टवर कोण घालणार, हे घराण्याला विचारायला हवं. संग्रहालयं वस्तू परत करायला कदाचित तयार होतीलही, हे विचारायला फारशी तयार नसतात. शालीचं आणि होआ हाकानानाइआचं वेगळं. एक भेट दिलेली, दुसरा उचलून नेलेला. दोन्हीला एकच ‘परत करा’ लावून चालणार नाही.

शिकागोवासी

छान धागा. पुढच्या आठवड्यात आईबाबा येतायत, फील्ड म्युझियमला नेणार आहे. यातलं काही बघायला मिळेल का? आणि आईचा प्रश्न: न्गाटू अजून करतात की आता नुसतं संग्रहालयात?

समुद्रफेस

@शिकागोवासी, नक्की न्या. तिथे पॅसिफिकचा मोठा संग्रह आहे. त्यांच्या माणसाने १९०९ ते १९१३ अशी चार वर्षं मेलानेशियात, म्हणजे न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांत, फिरून गोळा केलेला. शिवाय रुआतेपुपुके हे अख्खं माओरी सभागृह आहे, १८८१ मध्ये न्यूझीलंडच्या टोकोमारू खाडीकाठी बांधलेलं. आत जाऊन खांब बघा, प्रत्येक खांब एक पूर्वज आहे.

आईंना सांगा, न्गाटू जोरात चालू आहे. इथे ऑकलंडमध्ये टोंगाच्या लोकांची मोठी वस्ती आहे, पण कागदी तुती कुठून आणणार? मग इथल्या बायकांनी शर्टाच्या कॉलरमध्ये घालतात तसलं न विणलेलं कापड आणलं. सगळं तेच वापरलं, किंवा एक थर त्याचा आणि एक खऱ्या सालीचा. रंग तोच, कुपेसी तीच, बसायची पद्धत तीच. त्याला न्गाटू पेपा म्हणतात. लग्नात-मयतात चालतं, पूर्ण सालीच्या तुकड्यापेक्षा मान थोडा कमी.

मागावरची

कॉलरचं कापड?! मग ते भिजलं तरी थर सुटणार नाहीत. मान कमी का म्हणे?

समुद्रफेस

@मागावरची, कारण देणाऱ्याने किती ठोकलं ते घेणाऱ्याला हात लावताच कळतं.

तिरपागडा

माओरींच्या हराकेकेवर वेगळा धागा काढा. मागावरचींना सोडू नका.

मागावरची

मी तयार आहे. पाती आणून द्या कुणीतरी.